अर्धी हजेरी

शनिवार हा आमच्याकडं हजेरीचा दिवस. तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावी दादाची द्राक्षबाग आहे, आणि डिसेंबरात थिनिंगला, म्हणजे घड विरळायला, बायका लावल्या की आठवड्याचे पैसे वहिनीच वाटते. शेडच्या पायरीवर बसून, मांडीवर वही, शेजारी नोटांचा डबा. बायका हात धुऊन येतात, तरी बोटांना घडांचा हिरवट चिकटपणा राहिलेलाच असतो. नोटा मोजायला वेगळी थुंकी लावावी लागत नाही. मी चहाची किटली घेऊन उभी होते. एका बाईचा बुधवारी अर्धाच दिवस भरला होता. पोराला ताप म्हणून दवाखान्यात गेलेली, दुपारच्या जेवणानंतर बागेत आली. वहिनीनं त्या दिवसाची अर्धी हजेरी धरली. कुणी काही बोललं नाही, ती बाईही नाही. असंच असतं. तेवढ्यात पायरीवर पाय हलवत बसलेली माझी भाची, तिसरीतली, मोठ्यानं म्हणाली, “मम्मी, सगळ्यांना सारखेच द्यायचे असतात. उशिरा आलेल्याला पण.”

बायका हसल्या. वहिनीनं पेन थांबवून विचारलं, हे कुणी शिकवलं? “सिस्टरनी. गोष्टीतला मालक तसंच करतो. द्राक्षाचाच मळा असतो त्याचा. आणि शेवटी आलेल्यांना पहिल्यांदा देतो.” टोळीतल्या सगळ्यांत वयस्क मावशी म्हणाल्या, “लई ब्येस. सोमवारपासनं मी बी दुपारीच येती की मग.” पुन्हा हशा. ज्या बाईचा विषय चालला होता ती तेवढी हसली नाही. तिनं नोटा कनवटीला लावल्या, “न्हाई राबल्याचं नगं मला,” एवढंच म्हणाली आणि चालू लागली. भाचीचं तोंड एवढंसं झालं. तिनं जिची बाजू घेतली होती तिनंच ती नाकारली होती.

रात्री जेवताना दादा म्हणाला, “एवढी फी भरून पोरीला हे शिकवतात होय?” अर्धं चेष्टेत, अर्धं नाही.

भाची सांगलीत सिस्टरांच्या शाळेत जाते. मीही तशाच एका शाळेत शिकले, ऐंशीच्या दशकात, आत्तीच्या घरी राहून. त्यामुळं बायबलमधली, मत्तयच्या शुभवर्तमानातली, मळ्याच्या मालकाची ही गोष्ट मला माहीत होती, पण वर्गात बसून ऐकलेली नव्हती. आमच्या वेळी ती आम्हाला सांगायची पद्धतच नव्हती. आठवड्यातून दोनदा वर्गाचे दोन भाग व्हायचे. घंटा झाली की सिस्टर दारात येऊन उभ्या राहायच्या आणि पाच-सहा मुलं आपलं पातळसं पुस्तक घेऊन रांगेनं बाहेर पडायची. ती कॅटेकिझमची, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाची मुलं. मागं उरलेले आम्ही सगळे मॉरल सायन्सचे, म्हणजे नीतिपाठाचे. त्या पाच-सहांत कुणाचे वडील मिरज जंक्शनला रेल्वेत, कुणाची आई मिरजेच्या दवाखान्यात नर्स, एक मुलगा इथलाच, माझ्यापेक्षा अस्सल सांगलीचं मराठी बोलणारा. आमच्या गावाकडं या सगळ्यांना मिळून एकच नाव होतं, मिशनवाले. डॉक्टर वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत दवाखाना काढला ते प्रेस्बिटेरियन आणि आमच्या सिस्टर कॅथलिक, हे वेगळं, असं मी आजीला समजावायला गेले तर ती म्हणाली, “असंल. आपल्यात वारकरी न् रामदासी असत्यात तसं.” त्याहून बरं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही.

मॉरल सायन्सचं पुस्तक गुळगुळीत कागदाचं होतं आणि त्यातली मुलंही तशीच. खरं बोलणारा मुलगा शेवटच्या परिच्छेदात बक्षीस घेऊनच घरी जायचा. खोटं बोलणाऱ्याचा पाय हमखास मोडायचा. धड्याखाली रिकाम्या जागा: आपण वडीलधाऱ्यांचा अमुक करावा, नखं तमुक ठेवावीत. परीक्षेत दरवर्षी रस्त्यात सापडलेल्या पाकिटाचा प्रश्न असायचा आणि सगळा वर्ग दरवर्षी ते पाकीट मुख्याध्यापिकेकडं नेऊन द्यायचा. पाकिटात किती पैसे आहेत, आपल्याला त्या दिवशी भूक लागली आहे का, मुख्याध्यापिका पुढं त्याचं काय करतात, यातलं काही कुणी विचारलं नाही. मला चांगले गुण मिळायचे. आजही त्यातला एकही धडा मला आठवत नाही, नुसता त्या कागदाचा वास आठवतो, आणि दुपारच्या उन्हात पंखा बंद असलेल्या वर्गातली पेंग.

भिंतीपलीकडं मात्र गाणी चालायची. कधी हसण्याचा गलका यायचा. आमच्या भागातल्या सगळ्यांना वाटायचं की खरी मजा तिकडं आहे, आणि तिकडच्यांना वाटायचं की आपण सुटलो असतो तर बरं झालं असतं, कारण त्यांना प्रार्थना शब्द न् शब्द पाठ म्हणून दाखवाव्या लागायच्या. बाकावर माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण त्या पाच-सहांतली. मधल्या सुट्टीत, गुलमोहराखालच्या कट्ट्यावर, ती आम्हाला आतल्या गोष्टी सांगायची. एका बापाचा धाकटा मुलगा वाट्याचे पैसे घेऊन जातो, उधळतो, डुकरं राखायची पाळी येते, मग परत येतो, आणि बाप त्याला रागवायच्या ऐवजी मेजवानीसाठी पोसलेलं वासरू कापतो. “वासरू?” आमच्यातली जैन मैत्रीण म्हणाली, आणि तिचा घास हातातच राहिला. आम्हा बाकीच्यांना वासरापेक्षा थोरल्या भावाचं लागून राहिलं. तो शेतातनं दमून येतो, घरात गाणं-बजावणं ऐकतो आणि रागानं आत जात नाही. बाप समजूत घालायला बाहेर येतो. “मग थोरल्याला काय मिळालं?” मी विचारलं. “काही नाही.” “मग तो आत गेला की नाही?” “ते नाही सांगितलेलं. गोष्ट संपली तिथंच.” मला तेव्हा वाटलं हिला पुढचं आठवत नसेल. मोठेपणी शुभवर्तमान उघडून पाहिलं, लूकच्या पंधराव्या अध्यायात, तर गोष्ट खरंच तिथंच संपते.

आमच्या पुस्तकात अशी एकही गोष्ट नव्हती.

चौथीत त्या मुलांचा पहिला कम्युनियन झाला, म्हणजे चर्चमध्ये ख्रिस्तप्रसाद पहिल्यांदा घेण्याचा विधी. मुलींना पांढरे झगे, डोक्यावर जाळीचा ओढणा, हातात मेणबत्ती. आम्हाला झग्याचं आकर्षण होतंच, पण त्याहून कुतूहल त्याआधीच्या गोष्टीचं. त्यांना फादरांपुढं जाऊन आपली पापं सांगायची होती. आठ-नऊ वर्षांच्या पोरांची पापं! मैत्रीण पंधरा दिवस त्याच काळजीत. आई-वडिलांशी उलट बोलणं, भावाची पेन्सिल लपवणं, एवढी यादी तिला तोकडी वाटत होती. ती म्हणाली, बाई सांगतात आठवून बघा, रोज रात्री झोपताना आठवून बघा. फादर कुणाला सांगत नाहीत म्हणे, मेले तरी नाहीत. मला तिचा हेवा वाटला तो याच गोष्टीचा. माझ्याकडंही सांगण्यासारखं काही होतं आणि ऐकणारं कुणी नव्हतं. कॅथलिक मुलांना इतक्या लहान वयात हे करायला लागतं ते पोप दहावे पायस यांच्यामुळं. १९१० साली त्यांनी ठरवलं की सातव्या वर्षाच्या आसपास मुलाला बरं-वाईट कळू लागतं, तेवढं पुरे. त्याआधी मुलांना पहिल्या कम्युनियनसाठी दहा-बारा वर्षांचं, कुठं कुठं त्याहून मोठं होईपर्यंत थांबवत. सातव्या वर्षी कळू लागतं हे मला शिक्षिका म्हणून पटतं. काय करावं हे मात्र त्या वयात कळत नाही, आणि पुढंही फारसं कळतं असं नाही.

जैन मैत्रिणीला हा फादरांचा प्रकार अजिबात पटला नव्हता. त्यांच्यात पर्युषणानंतर क्षमावाणीला ज्याच्याशी वाकडं वागलो त्याच्याच दारात जाऊन क्षमा मागायची रीत. “तू भावाची पेन्सिल लपवलीस तर फादरना सांगून काय उपयोग? भावाला सांग की.” कॅथलिक मैत्रिणीला हे सुचलं नव्हतं, पण ती हटली नाही. भाऊ तर मारेल, म्हणाली. हा वाद घेऊन मी घरी आजीकडं गेले. आजी म्हणाली, “देवाला समदं ठावं असतं. सांगायचं कशाला आन् कुणाला?” मग थोडं थांबून, “तू काय केलंयस?” गुलमोहराखालच्या त्या कट्ट्यावर माझं जेवढं धर्मशिक्षण झालं तेवढं नंतर कुठंच झालं नाही, आणि ते वेळापत्रकात नव्हतं.

आजीचं आणखी एक. शाळेत जेवणापूर्वीची प्रार्थना सगळ्यांनाच म्हणायला लागायची, आणि मी एकदा गावी पाटावर बसल्यावर सवयीनं कपाळ, छाती, खांदे अशी बोटं फिरवली. काका चिडले. आजी म्हणाली, “घास घ्यायच्या आदी थांबती न्हवं पोरगी? थांबू दे.” दुसऱ्या दिवसापासून तिनं मला ‘वदनी कवळ घेता’ म्हणायला लावलं, मोठ्यानं, काकांना ऐकू जाईल असं. हुशार होती.

नातेवाइकांचे आताचे प्रश्न निराळे आहेत. कुटुंबाच्या ग्रुपवर अधूनमधून कुणीतरी लिहितं की या शाळा मुलांना बाटवतात. मला लिहायचं असतं आणि मी लिहीत नाही. माझा अनुभव असा की आम्हाला आत ओढायला कुणी आलं नाही. उलट आम्हाला नीट मोजून बाहेर ठेवलं होतं. घटनेच्या २८व्या कलमात सांगितलंय की सरकारी मान्यता किंवा अनुदान घेणाऱ्या शाळेत पालकांच्या संमतीवाचून मुलाला धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही. ३०व्या कलमानं अल्पसंख्याकांना शाळा काढण्याचा हक्क दिलाय. या दोन कलमांच्या मधल्या फटीत आमचं मॉरल सायन्स उभं होतं. शिवाय कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं २८ ऑक्टोबर १९६५ या एकाच दिवशी ख्रिस्ती शिक्षणावर एक आणि इतर धर्मांशी असलेल्या नात्यावर एक असे दोन जाहीरनामे काढले होते. आमच्या सिस्टर त्यानंतरच्या वातावरणातल्या. मराठी बोललं म्हणून दंड करणाऱ्या, नखं बघून पट्टी मारणाऱ्या, पण माझ्या देवाबद्दल एकही वाकडा शब्द न उच्चारणाऱ्या. सगळं कसं रीतसर होतं. तरी मला त्या रीतसरपणाचा थोडा राग आहे. स्वतःच्या मुलांना त्यांनी थोरल्या भावाचा राग दिला, उशिरा आलेल्या मजुराची हजेरी दिली, आणि आम्हाला नखं कापायला सांगितली. आम्ही दुखावू नये म्हणून आमच्या ताटातलं तिखट काढून घेतल्यासारखं झालं.

आणि दुसरं मनही आहे. दादाच्या जागी मी असते तर? आपल्या मुलीला कुठली गोष्ट कोण सांगतंय हे आई-बापाला माहीत असावं असं मलाही वाटतं. माझ्या शाळेत उद्या कुणी येऊन मला न विचारता मुलांना कीर्तन ऐकवलं तर मी विचारीनच.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिथं घटनेप्रमाणं धार्मिक शिक्षण नाहीच. त्याऐवजी मूल्यशिक्षण आहे. दहा मूल्यं. एका भिंतीवर रंगवलेली आहेत, पावसानं निम्मी पुसली तरी मला पाठ आहेत: श्रमप्रतिष्ठा, वैज्ञानिक दृष्टिकोन, संवेदनशीलता, सर्वधर्मसहिष्णुता, नीटनेटकेपणा, वक्तशीरपणा आणि बाकीची. परिपाठाला प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष आणि एक बोधकथा. बोधकथेतला मुलगा अजूनही बक्षीस घेऊनच घरी जातो. त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मी भाचीची गोष्ट या भिंतीवर लावून बघितली आणि ती कुठंच बसेना. वक्तशीरपणाचा तर त्यात सरळ पराभव आहे. दिवसभर उन्हात राबलेले मजूर मालकाला म्हणतात, आम्हाला आणि यांना एकच मजुरी? मालक म्हणतो, तुमच्याशी ठरलं तेवढं दिलं की नाही? माझ्या पैशानं मी चांगुलपणा केला तर तुमच्या पोटात का दुखतं? श्रमप्रतिष्ठेलाही हे फारसं मानवणारं नाही. आमच्या मावशींचा आक्षेप तर बिनतोड आहे. सोमवारपासून सगळ्या दुपारीच येतील आणि डिसेंबरात घड विरळायचे राहिले तर मार्चमध्ये व्यापारी बागेकडं वळूनही बघणार नाही.

मग मला गोष्टीतलं एक वाक्य आठवलं, जे भाचीनं सांगितलं नव्हतं. मालक संध्याकाळी चौकात उभ्या असलेल्यांना विचारतो, दिवसभर इथं रिकामे का उभे आहात? ते म्हणतात, आम्हाला कुणी कामावर घेतलंच नाही. म्हणजे ते उशिरा उठलेले नव्हते. मजूर अड्ड्यावर सकाळपासून उभे राहून, धडधाकट माणसं निवडून नेलेली बघून, संध्याकाळ झाली तरी घरी न गेलेल्या माणसांची ती गोष्ट आहे. घरी गेलं तर सांगणार काय? आणि आमच्या बाईचंही तेच. ती झोपून राहिली नव्हती, तापानं फणफणलेलं पोर घेऊन दवाखान्याच्या ओळीत बसली होती. वहिनीच्या वहीत त्याला रकाना नाही. तो असावा का, हे मला नक्की सांगता येत नाही. वहिनीलाही औषधांची, मजुरीची, बँकेच्या हप्त्याची जुळणी करताना कोण रकाना देतं? पण तो रकाना नाही हे आठ वर्षांच्या पोरीला दिसलं, आणि ते पाकिटाच्या धड्यानं दिसलं नसतं.

“न्हाई राबल्याचं नगं मला,” हे त्या बाईचं उत्तरही मला गोष्टीइतकंच महत्त्वाचं वाटतं. गोष्टीतल्या उशिरा आलेल्या मजुरांना कुणी बोलूच दिलेलं नाही. त्यांनी पैसे घेतले आणि गेले. ते संकोचले का, मुकाट्यानं घेताना बाकीच्यांच्या नजरा टाळल्या का? सिस्टरांनी हे विचारलं असतं तर तास रंगला असता.

मैत्रिणीला फोन केला. ती आता मिरजेत असते, रविवारी चर्चमधली उपासना, मिसा, झाल्यावर लहान मुलांचा कॅटेकिझम घेते. मी म्हटलं, हा मळेवाला कसा शिकवतेस? ती हसली. म्हणाली, “दरवर्षी पोरं भांडतात. मी सांगते, हे देवाच्या राज्याचं आहे, तिथं कृपा मोजून मिळत नाही. मोठी मान डोलावतात. बारकी ऐकत नाहीत. मागं एकानं विचारलं, मालक एवढा चांगला होता तर सकाळीच सगळ्यांना का नाही नेलं?” मी विचारलं, तू काय सांगितलंस? “सांगितलं, फादरना विचारते. आणि खरंच विचारलं. फादर म्हणाले, चांगला प्रश्न आहे, आणि चहा मागवला.”

जानेवारीत मी ती गोष्ट माझ्या चौथीच्या वर्गात सांगितली. धार्मिक शिक्षण आणि धर्मांविषयी शिक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सर्वोच्च न्यायालयानं २००२ साली अरुणा रॉय खटल्यात मान्य केलंय, त्यामुळं मुख्याध्यापकांनी विचारलं असतं तर माझ्याकडं उत्तर होतं. त्यांनी विचारलं नाही. गोष्ट कुणाची असं मुलांनी विचारलं तेव्हा येशूनं सांगितलेली म्हणून सांगितलं. अर्ध्या वर्गाच्या घरी बाग नाहीतर बागेत रोजगाराला जाणारी आई. त्यामुळं मजुरी, टोळी, उक्तं काम हे कुणाला समजवावं लागलं नाही. भांडण लगेच पेटलं. बागाईतदाराच्या मुलानं सांगितलं, असा मालक दोन वर्षांत बाग विकेल. एक मुलगी म्हणाली, सकाळी आलेल्यांना आधी पैसे देऊन घालवायचं, मग उशिराच्यांना द्यायचे, म्हणजे कुणाला कळलंच नसतं. बऱ्याच जणांना हा तोडगा पसंत पडला. मालकानं मुद्दाम उलटं का केलं असेल, यावर मग नवीन भांडण.

मागच्या बाकावर ऊसतोडीच्या टोळीबरोबर बीडकडून आलेला एक मुलगा बसतो. कारखान्याचा हंगाम असेपर्यंत आमच्याकडं, नंतर गावी. सहसा बोलत नाही. त्यानं हात वर केला आणि विचारलं, “बाई, त्यांनी उचल किती घेतली होती?”

बागाईतदारांच्या पोरांना कळेना. त्यानंच समजावलं. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतात, मग आई-बापाचा कोयता सहा महिने ती फेडत राहतो. सकाळी आला काय, संध्याकाळी आला काय, सारखे पैसे दिले काय, ते उचलीतच जातात. हातात काही येत नाही. “मालक चांगला असंल,” तो म्हणाला, “पण मधी मुकादम होता का ते सांगा.”

नव्हता, मी म्हटलं, गोष्टीत मुकादम पैसे वाटायलाच फक्त येतो. त्याचं समाधान झालं नाही. एप्रिलच्या आत तो जाईल. त्याआधी मला त्याला मत्तयच्याच अठराव्या अध्यायातली दुसरी गोष्ट सांगायची आहे, ज्यात राजा एका चाकराचं कधीच फिटणार नाही एवढं कर्ज माफ करतो, आणि तो चाकर बाहेर पडल्या पडल्या आपल्याकडून किरकोळ पैसे घेतलेल्याची मानगूट धरतो. तो चाकर पुढं मुकादम झाला असेल का, हे मी त्यालाच विचारणार आहे.